पडद्यावरची वंशावळ



विषय कळवा असा निरोप आला, तेव्हा मी ‘पडद्यावरची वंशावळ’ एवढंच कळवलं. त्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, “कपूर घराण्यावर बोलणार का?” त्यांची निराशा करावी लागते आहे. मी ज्या पडद्याबद्दल बोलणार आहे तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. त्याच्यावर जी बटणं, याद्या, चौकोन आणि चित्रं दिसतात, त्यांचंही एक घराणं असतं. कोण कोणाच्या पोटी, कोण कोणाचं भावंड, हे आधी ठरतं आणि मगच पडद्यावर काही उमटतं. गेली बरीच वर्षं मी असे पडदे बांधण्याचं काम करतो. वाङ्मयाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या शेवटी आपोआप मिळावं अशी माझी खटपट आहे.

घरातल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. माझ्या आईच्या हाताला कंप आहे. एका बँकेचं अ‍ॅप तिच्या फोनवर होतं. लांबलचक पान, आणि अगदी खाली ‘पुढे’ असं बटण. ती त्यावर बोट ठेवायची आणि बटण दाबलं जाण्याऐवजी पानच वर सरकायचं. पुन्हा खाली आणायचं, पुन्हा बोट, पुन्हा पान सरकलं. शेवटी मी फोन हातात घेतला आणि एका झटक्यात काम झालं. ती म्हणाली, “माझंच बोट नीट लागत नाही.” त्यानंतर तिनं कोणाला विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ती उन्हातून रिक्षा करून शाखेत गेली आणि रांगेत उभी राहिली. आम्हाला ते नंतर कळलं.

दोष तिच्या बोटाचा नव्हता, हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक होतं. तो कुठे होता, हे सांगण्यासाठी आधी वंशावळ उलगडायला हवी.

आपल्या जुन्या घरांतून वंशावळीचे कागद असतात. मूळपुरुष सगळ्यात वर, त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली नातू. झाड म्हणायचं, पण मूळ वर आणि फांद्या खाली. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, आणि मग नेमकी नामावळीची वही काढतात. हजारो नावांतून तुमचे पणजोबा थोड्या वेळात सापडतात, कारण वह्या वरून खाली लावलेल्या असतात. आपण मध्य प्रदेशात राहतो, तेव्हा ‘समग्र’चं उदाहरणही आपल्या ओळखीचं आहे. कुटुंबाचा क्रमांक 8 अंकी, सदस्याचा 9 अंकी, आणि प्रत्येक सदस्य कोणत्या तरी कुटुंबाखालीच नोंदलेला. सरकारी दप्तरात सुटा माणूस नाही.

पडद्याचंही तसंच आहे. सगळ्यात वर एक मूळ चौकट. तिच्या पोटात वरची पट्टी, मधला भाग आणि खालची पट्टी. मधल्या भागाच्या पोटात यादी, यादीच्या पोटात ओळी, एकेका ओळीच्या पोटात एक चित्र, एक नाव आणि एक बटण. गंमत म्हणजे संगणकवाल्यांनी शब्दही घरातलेच घेतले. ज्याच्या पोटात दुसरं काही आहे तो पेरेंट, पोटातला तो चाइल्ड, एकाच पालकाची दोन मुलं ती सिब्लिंग. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनं 1998 मध्ये वेबपानाची रचना कशी वाचावी याचा पहिला मानक मसुदा मान्य केला. त्यातही पालक, मुलं आणि पुढचं भावंड अशीच नाती आहेत.

हे सगळं फार जुनं नाही. 1968 च्या डिसेंबरात डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस आणि पडद्यावरचा मजकूर यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो हा संगणक तयार झाला आणि खिडक्यांची कल्पना तिथे रुजली. 1984 मध्ये मॅकिंटॉश आला, 1985 मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती. पडद्यावर एकापेक्षा जास्त गोष्टी मावू लागल्या तसा त्यांच्यात क्रम लावणं भाग पडलं. एका खोलीत एकटा राहणाऱ्याला घरात नियम लागत नाहीत, चार बिऱ्हाडं आली की लागतात.

या वंशावळीत पालकाचा अधिकार मोठा असतो. मुलाची जागा पालकाच्या संदर्भातच सांगितली जाते, म्हणजे ‘माझ्या पालकाच्या डाव्या कडेपासून इतकं, वरच्या कडेपासून इतकं’. पालक सरकला की मुलं आपोआप सरकतात. पालक लपवला की सगळं बिऱ्हाड दिसेनासं होतं, एखाद्या मुलानं ‘मी दिसायला तयार आहे’ असं कितीही सांगितलं तरी. खिडकी बंद केली की तिच्या पोटातलं सगळं तिच्याबरोबर जातं. चित्र काढतानाही आधी पालक रंगतो, मग त्याच्यावर मुलं. म्हणून भिंत आधी आणि भिंतीवरची तसबीर नंतर दिसते.

आकाराचा निर्णय मात्र एकतर्फी नसतो. पंगतीचा हिशेब आठवा. वाढपी आधी विचारतो, किती मंडळी आहेत, आणि मग पानं मांडतो. पडदा रंगण्याआधी पालक प्रत्येक मुलाला विचारतो, ‘तुला किती जागा लागेल?’ मुलं आपापल्या मुलांना विचारतात. उत्तरं खालून वर येतात आणि मग वरून जागा वाटली जाते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं.

इथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. समजा, एखाद्या बटणाची उंची आधीच पक्की करून टाकली आणि ती ठरवताना समोर इंग्रजी अक्षरं होती. आता त्यात ‘मूर्ती’ लिहा. म च्या खाली दीर्घ ऊकार, वर रफार, वेलांटी. मुलानं सांगितलं, ‘मला वरही जागा हवी आणि खालीही.’ पालक म्हणाला, ‘उंची ठरलेली आहे.’ मग वेलांटीचं टोक कापलं जातं, ऊकाराचं शेपूट तुटतं. आपण म्हणतो, फोनवर मराठी नीट दिसत नाही. मराठीत काही खोट नसते. पंगत मांडताना तिला विचारलेलं नसतं, एवढंच.

आता स्पर्शाकडे येऊ, म्हणजे आईच्या बोटाकडे.

आपण बोट ठेवतो तेव्हा त्या बटणाला ते थेट कळत नाही. निरोप आधी मूळ चौकटीकडे जातो. ती पाहते, बोट माझ्या कोणत्या मुलाच्या हद्दीत आहे? त्या मुलाकडे निरोप जातो, त्याच्याकडून नातवाकडे, असं करत बटणापर्यंत. बटणानं निरोप घेतला तर काम झालं. नाही घेतला, तर तो त्याच वाटेनं वर परततो, ‘तुम्ही पाहा’ म्हणत.

आपल्या कुंडी भंडाऱ्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. 1615 च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानांच्या काळात तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारातून शहरात आणलं. शंभराहून अधिक कुंड्या, आतून एकमेकींना जोडलेल्या, पाणी जाळी करंजापाशी गोळा होणार आणि तिथून शहराला मिळणार. मोट नाही, रहाट नाही, नुसता उतार. वरून खाली क्रमानं पोचवणं म्हणजे काय, हे समजायला यापेक्षा चांगलं चित्र माझ्याजवळ नाही. फरक एवढाच की पाणी एकदा खाली आलं की मागे फिरत नाही, पडद्यावरचा निरोप मात्र खाली जातो आणि वरही येतो. शिवाय वाटेतल्या कोणत्याही पालकाला तो अडवता येतो.

ही अडवणूक नेमकी कशी होते पाहा. सरकणाऱ्या पानाच्या पोटात बटण आहे. बोट टेकलं तेव्हा पानाला कळत नाही की या माणसाला बटण दाबायचंय की पान सरकवायचंय. म्हणून ते बटणाला निरोप देतं, पण लक्ष ठेवून असतं. बोट ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हललं की पान म्हणतं, ‘हा दाब नव्हे, हे सरकवणं आहे.’ मग ते निरोप स्वतःकडे ओढून घेतं आणि बटणाला कळवतं, ‘तुझं रद्द.’ अँड्रॉइडच्या मूळ मांडणीत ही मर्यादा 8 एकक आहे. एका इंचात अशी 160 एककं धरलेली असतात, म्हणजे हे अंतर साधारण सव्वा मिलिमीटर. मोहरीचा दाणा. ज्याचा हात स्थिर आहे त्याच्या हे लक्षातही येत नाही. ज्याचा हात कापतो, त्याचं बोट मोहरीएवढं हलणारच.

माझ्या आईनं बटण बरोबर दाबलं होतं, दर वेळी. तिचा निरोप पोचला होता, तो वाटेत काढून घेतला गेला.

यावरचा उपायही वंशावळीतच आहे. ते बटण सरकणाऱ्या पानाच्या पोटातून काढायचं आणि पानाच्या खाली, पानाचं भावंड म्हणून ठेवायचं. दिसायला जवळजवळ काही बदल होत नाही, बटण खालीच असतं. पण आता त्याचा पालक वेगळा आहे आणि त्या पालकाला सरकायचंच नाही, म्हणून निरोप अडवायला वाटेत कोणी नाही. थरथरतं बोट त्या बटणाच्या हद्दीत असलं की झालं. बँकेचं ते अ‍ॅप माझ्या हातातलं नव्हतं. पण त्यानंतर मी ज्या ज्या पडद्यावर काम केलं, तिथे महत्त्वाचं बटण यादीच्या पोटात राहू दिलं नाही. सोबतचे तरुण विचारतात, दिसायला सारखंच आहे, मग एवढा आग्रह का? मी त्यांना मोहरीचा दाणा सांगतो.

ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांच्यासाठी तर ही वंशावळ म्हणजेच पडदा. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, संगणकावर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलेलं एनव्हीडीए, ही साधनं पडद्यावरचं झाड वाचून दाखवतात. रंग, सजावट, छाया यांचा तिथे उपयोग नाही. मथळा मथळा म्हणून नोंदला असेल तर अंध वाचक एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. तो नुसताच ठळक अक्षरांत रंगवला असेल, तर सगळं पान ओळीनं ऐकत बसावं लागतं. बटणावर फक्त चित्र काढलं आणि नाव दिलं नाही, तर कानावर एवढंच पडतं की इथे बिननावाचं बटण आहे. कशाचं, ते देव जाणे.

आणि नाव द्यायचं म्हटलं की आपण वाङ्मयाच्या अंगणात आलो.

सॉफ्टवेअरचं भाषांतर कसं होतं, हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. पुष्कळदा भाषांतरकाराच्या हाती शब्दांची यादी पडते, पडदा नव्हे. यादीत लिहिलेलं असतं, ‘ऑर्डर’. आता मराठीत काय लिहाल? हा शब्द दुकानाच्या पोटी जन्मला असेल तर ‘मागणी’. नावं लावण्याच्या चौकटीत असेल तर ‘क्रम’. कोर्टाच्या कामात असेल तर ‘आदेश’. पालक कोण, हे कळल्याशिवाय मुलाचं नाव ठेवता येत नाही. ‘ओपन’चं ‘उघडा’ केलं तर ती आज्ञा आहे की विशेषण? मागे जाण्याच्या बटणाला ‘परत’ म्हटलं तर मराठी माणूस ‘पुन्हा एकदा’ असंही समजू शकतो. शब्दाला अर्थ संदर्भानं मिळतो, हे आपण कवितेबद्दल नेहमी म्हणतो. पडद्यावरचा शब्दही याला अपवाद नाही, आणि तिथे अर्थ चुकला तर पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात.

नावांची अशी उतरंड लावण्याची परंपरा आपल्याकडे आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनं रचलेला, रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला राज्यव्यवहारकोश घ्या. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश एवढी त्याची ओळख आपल्याला असते. पण त्याची मांडणीही पाहण्यासारखी आहे. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत, दहा वर्गांत लावलेले आहेत. पहिला राजवर्ग, दुसरा कार्यस्थानवर्ग, मध्ये शस्त्र, चतुरंग, दुर्ग, मग लेखनवर्ग, नववा जनपदवर्ग आणि शेवटचा पण्यवर्ग. कारभाऱ्याला शब्द हवा तर आधी खातं आठवायचं, मग शब्द. आजच्या मेनूचं तत्त्व हेच. आणि राजा पहिला व बाजार शेवटचा, हा क्रम कोणाच्या नजरेतून लागला हेही त्यातून दिसतं. तोच कोश एखाद्या आपल्या सराफानं रचला असता तर पण्यवर्ग कदाचित पहिला आला असता. क्रम लावणारा आपलं घर मध्ये ठेवून क्रम लावतो.

तसंच कीबोर्डचं. 1991 च्या भारतीय मानकातल्या इनस्क्रिप्ट मांडणीत क च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ख मिळतो, ग वर घ. वर्णमालेची जोडी तशीच ठेवली आहे. त्याच मांडणीत ल वर शिफ्ट दाबलं की ळ. साऱ्या भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी करायची तर ळ दुसऱ्या पायरीवर जाणं समजण्यासारखं आहे. पण आपण बुऱ्हाणपूरची माणसं. आपल्या जिल्ह्याची ओळख केळी, आणि ळ वाचून केळी लिहिता येत नाहीत. शेजारी ‘केला’ लिहून मोकळा होतो, आपल्याला एक कळ जास्त दाबावी लागते. पिढ्यान् पिढ्या इथे राहून घरात मराठी टिकवली, तिचा भार एवढासाच असेल तर मी तो आनंदानं उचलीन.

पण दुसरी एक गोष्ट मला खुपते. 2014 मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठीची भर पडली, म्हणजे त्यानंतर सबंध फोन मराठीत वापरण्याची सोय झाली. तरी माझ्या पाहण्यातल्या इथल्या बहुतेक मराठी घरांत फोन इंग्रजीत किंवा हिंदीत आहे. कारण विचारलं तर उत्तर येतं, “मराठी असते हेच माहीत नव्हतं.” बहुतेक फोनमध्ये आधी सेटिंग्ज, त्याच्या पोटात सिस्टीम, त्याच्या पोटात भाषा, मग भाषा जोडा, मग लांब यादी, आणि त्या यादीत मराठी. पाचव्या पिढीत. शिवाय तिथपर्यंत पोचायच्या सगळ्या पायऱ्या ज्या भाषेत आहेत, ती येत नाही म्हणूनच तर माणूस मराठी शोधतोय. थरथरत्या हातांसाठी, मंद नजरेसाठी ज्या सोयी आहेत, त्याही अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाच्या विभागात अशाच आत दडलेल्या असतात. ज्याला ज्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापासून ती वस्तू सर्वांत लांब.

मी हे घडवणाऱ्यांपैकीच एक आहे, म्हणून सांगतो, यात बहुधा कोणाचा कावा नसतो. क्रम लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, त्याच्या हाताशी वस्तू ठेवल्या जातात. जो समोर नसतो, त्याची वस्तू माळ्यावर जाते. आपल्या वंशावळींतही हे घडलंच आहे. पडद्यावरच्या प्रत्येक घटकाला एकच पालक असतो, दोन नसतात. आपल्या जुन्या वंशावळींतही तसंच, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. आया नाहीत, मुलीही क्वचित. माझ्या घरच्या कागदावर सात पिढ्यांचे पुरुष आहेत. ज्या बायकांनी परमुलखात ही भाषा पाळण्यापाशी जपली, त्यांतल्या एकीचंही नाव नाही. त्यांना विसरलं गेलं, कारण कागदावर त्यांच्यासाठी जागाच आखलेली नव्हती.

संगणकाचं झाड एका बाबतीत कागदापेक्षा बरं. ते पुन्हा लावता येतं. बटण एका पालकाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, आतली वस्तू दारात आणता येते, बिननावाच्याला नाव देता येतं. त्यासाठी कोणी तरी सांगावं लागतं, आणि तिथे तुमची गरज आहे. घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन एकदा त्यांच्याशेजारी बसून मराठीत करा. जे लागतं ते पहिल्या पानावर आणा, अक्षर मोठं करा. त्यांच्या हातून फोन काढून घेऊन काम उरकू नका. मी ते केलं आणि आई रांगेत गेली. फोनवरचा एखादा मराठी शब्द खटकला तर नुसतं हसू नका, अ‍ॅपमध्ये अभिप्रायाची जागा असते तिथे लिहा. शब्द पारखणारी माणसं या मंडळात जेवढी आहेत तेवढी आमच्या कचेऱ्यांत नाहीत.

आणि घरी गेलात की वंशावळीचा कागद काढा. आपल्या आजीचं नाव लिहायला त्यात जागा आहे का, पाहा. माझ्याकडे नव्हती. मी ती आखून घेतली आहे. आजीचं नाव मला ठाऊक होतं, पणजीचं आईला विचारून लिहिलं.